बाजार किती दूर?

या सदरांत मी सहसा घरांतल्या गोष्टी चव्हाट्यावर आणीत नाहीं. परंतु छत्तीस वर्षें मुलांना शिकवितांना एक गोष्ट अनुभवास आली. दुसऱ्याच्या चुकीचें उदाहरण देऊन शिकविलेला धडा मुलें तासाभरांत विसरतात. मास्तरांनीं फळ्यावर स्वतः केलेली चूक मात्र तीं जन्मभर ध्यानांत ठेवितात. म्हणून या महिन्यांत माझ्या हातून होतां होतां राहिलेल्या एका चुकीची हकीकत सांगतों. गोष्ट जागेच्या खरेदीची आहे, आणि हा प्रश्न आज ना उद्यां ज्यांच्यापुढें उभा राहणार नाहीं अशीं घरें आमच्या वाचकांत थोडींच असतील.

आमचें बिऱ्हाड सदाशिव पेठेंतील एका जुन्या वाड्यांत होतें. मी, सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें अशीं सहा माणसें तीन खोल्यांत राहत होतों. वाड्याचें वर्णन करतांना गहिंवरून येण्याची हल्लीं रीत पडली आहे. ज्या सुनेला पहांटे सामाईक संडासापुढें उभें राहावें लागतें आणि लाकडी जिन्यावरून कडेवरचें मूल सांवरीत उतरावें लागतें, तिला विचारलें म्हणजे त्या वर्णनांतला खरा भाग किती तें कळतें. वाड्यांत एकच मोठें सुख होतें. 1886 मध्यें रे मार्केट या नांवानें उघडलेली आणि आज महात्मा फुले यांच्या नांवानें ओळखली जाणारी मंडई तेथून पायीं दहा मिनिटांवर होती. वाणी त्याहून जवळ, आणि औषधांचें दुकान तर वाड्याच्या तोंडाशीं. हें सुख इतकें अंगवळणी पडलें होतें कीं तें सुख आहे याचा मला विसर पडला होता.

चिरंजीवांनीं बाहेरच्या बाजूस जागा पाहण्याचें ठरविलें तेव्हां मीं हरकत घेतली नाहीं. पुणें शहर बाहेर सरकत आहे तें कांहीं आजचें नाहीं. 1961 च्या जुलै महिन्याच्या 12 तारखेस पानशेतचें धरण फुटलें. नदीकांठच्या पेठांतील हजारों कुटुंबें उघड्यावर आलीं आणि त्यांच्यासाठीं गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्या काळीं तेथें जाणें म्हणजे गांवाबाहेर जाणें होतें. पुढें त्या वसाहतींतूनच भाजीवाले बसूं लागले, गिरणी निघाली, शिंपी आला, शाळा आली आणि गांवाबाहेरचें गांव झालें. कोथरूडचीही कथा याहून फारशी निराळी नाहीं. तेव्हां आज जें ओसाड दिसतें तें दहा वर्षांनीं गजबजेल, असा माझा साधा हिशेब होता. परंतु या हिशेबांत एक पद गाळलें गेलें होतें. पूर्वींच्या वसाहती शहराला लागून होत्या आणि त्यांतल्या माणसांपाशीं मोटारी नव्हत्या. म्हणून बाजाराला त्यांच्या दारीं यावें लागलें. आतां महानगरपालिकेच्या हद्दींत 2017 मध्यें 11 आणि 2021 मध्यें 23 गांवें घेण्यांत आलीं. हद्द वाढते ती कागदावर; नळाचें पाणी, रुंद रस्ता आणि वेळेवर येणारी बस हीं त्या कागदाबरोबर त्याच दिवशीं येत नाहींत. आणि जेथें प्रत्येक घरीं मोटार गृहीत धरलेली असते तेथें वाण्याला कोपऱ्यावर दुकान थाटण्याची निकडही वाटत नाहीं.

अशाच एका नव्यानें हद्दींत आलेल्या गांवांत आम्हीं रविवारीं सकाळीं साडेसातला जागा पाहावयास गेलों. तीन शयनगृहें, उजेड, वारा, समोर टेकडी. सूनबाईंच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मीं त्यांच्या लग्नानंतर क्वचितच पाहिला असेल. विकणाऱ्यांच्या कचेरींतला तरुण मोठा गोड बोलणारा होता. "काका, लक्ष्मी रस्ता इथून अवघा पंचवीस मिनिटांवर," तो म्हणाला. आणि आम्ही स्वतः तीस मिनिटांच्या आंत पोंचलों होतों, तेव्हां त्याच्यावर अविश्वास दाखविण्याचें कारण नव्हतें. मग त्यानें आवाज थोडा खालीं आणला. हीच जागा आणखी दोघांनीं मागितली होती. उद्यांपासून चौरस फुटामागें दोनशें रुपये वाढणार होते. आज सायंकाळीं सहाच्या आंत दोन लाखांचा विसार दिला तरच आजचा भाव. सगळा प्रश्न वाचल्याखेरीज उत्तर लिहूं नये असें हजारों मुलांना बजावलेल्या या मास्तरानें तेथल्या तेथें चेकबुक काढलें. तो पैसा माझ्या निवृत्तीच्या वेळीं मिळालेला होता, आणि त्यापाठोपाठ चिरंजीवांच्या मानेवर वीस वर्षांचें कर्ज बसणार होतें.

इतक्यांत सौभाग्यवतींनीं विचारलें, "जागा छान आहे हो. पण इथें मोहरी संपली तर?"

सगळे हंसले. तो तरुण म्हणाला, "काकू, मोटार आहे ना घरांत? मोठें दुकान वीस मिनिटांवर आहे."

"मोटार याला येते, हिला येते. मला येत नाहीं. म्हणजे मोहरी संपली कीं मीं यांची वाट बघायची."

"आई, हल्लीं फोनवर सांगितलें कीं सामान दारांत येतें," चिरंजीव म्हणाले.

"सामान येईल रे," त्या म्हणाल्या, "पण मी कुठें जाईन?"

मीं लिहितां लिहितां थांबलों. एवढ्या वर्षांच्या संसारांत त्यांनीं बाजारासाठीं कोणाची परवानगी मागितल्याचें मला आठवेना. पिशवी घेऊन त्या निघत. येतांना भाजीबरोबर चार घरांची खबर आणीत. कोणाच्या घरीं आजार आहे, कोणाची मुलगी बाळंतपणाला आली आहे, हें आम्हांला त्यांच्याकडूनच कळे. त्यांचें हें जाणें-येणें मीं घरकामांत मोजलें होतें. तें त्यांचें स्वातंत्र्य होतें हें त्या दिवशीं प्रथम ध्यानांत आलें. मीं चेक खिशांत घातला आणि आठ दिवसांची मुदत मागितली. तरुणानें मान हलविली, मुदत नाहींच. आम्ही परतलों, आणि परतीच्या वाटेवर मोटारींत कोणी कोणाशीं बोललें नाहीं.

गुरुवारीं सायंकाळीं सहा वाजतां मी एकटा मंडईपासून त्याच जागेकडे बसनें निघालों. बसची वाट पाहण्यांत पस्तीस मिनिटें गेलीं आणि पोंचावयास एक तास वीस मिनिटें लागलीं. शेजारच्या तयार इमारतींतील पहारेकऱ्याला पाण्याचें विचारलें. तो म्हणाला, "टँकर येतो, आजोबा. उन्हाळ्यांत जास्त." त्याचा खर्च दरमहाच्या देखभालीच्या रकमेंत मिळविला जातो, हें तेथील एका रहिवाशानें सांगितलें. घरीं येऊन मीं त्रैराशिक मांडलें. आठवड्यांतून दोन वेळां बाजारहाट, दर खेपेस मोटारीनें जाण्यायेण्याचे मिळून दोन तास, म्हणजे आठवड्याला चार आणि वर्षाला दोनशें आठ तास. आठ तासांचा एक कामाचा दिवस धरला तर सव्वीस दिवस! वर्षांतला जवळजवळ एक महिना रस्त्यावर काढावयाचा, आणि तोही नोकरीसाठीं जें जाणें-येणें घडेल तें सोडून.

त्याच रात्रीं मनाच्या समाधानासाठीं कौटिलीय अर्थशास्त्र उघडलें. त्याच्या तिसऱ्या अधिकरणांत घरें व जमिनी विकण्याचे नियम आहेत. प्रथम आप्त, मग शेजारी, मग धनको अशा क्रमानें विकत घेण्याचा हक्क, त्यानंतर बाहेरचे. विक्रीची घोषणा चाळीस शेजारी कुटुंबांसमक्ष त्या घरासमोर करावयाची. किंमत तीनदां पुकारावयाची. आणि गिऱ्हाइकांच्या चढाओढीनें किंमत वाढली तर ती वाढ, शुल्कासह, राजाच्या कोशांत जमा! विकणाराला तींतला कांहीं लाभ नाहीं. ही तरतूद आज कोणी लागू करील असें नाहीं. पण ती असती तर "आणखी दोघांनीं मागितली आहे" हें वाक्य आमच्या कानीं पडलें नसतें. ज्याला चढाओढीचा नफा मिळतो तोच चढाओढीची बातमी देतो, तेव्हां ती बातमी तपासून घ्यावी, एवढा बोध त्यांतून घेतां येतो.

आजचा कायदाही अगदींच आंधळा नाहीं. 2016 चा स्थावर संपदा कायदा, ज्याला सगळे 'रेरा' म्हणतात, त्याप्रमाणें नोंदणीकृत लेखी करार होण्यापूर्वीं किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बांधणाराला घेतां येत नाहीं. गिऱ्हाइकांकडून मिळालेल्या रकमेपैकीं सत्तर टक्के त्याच बांधकामासाठीं निराळ्या खात्यांत ठेवावी लागते. चटई क्षेत्र म्हणजे काय याचीही व्याख्या ठरली आहे. बाहेरच्या भिंती आणि सज्जा त्यांत मोजावयाचा नाहीं. वाचकांनीं नोंदणीक्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर पाहावा आणि तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागावें. परंतु कायद्यानें खोल्या मोजतां येतात. रविवार सकाळचीं मिनिटें गुरुवार सायंकाळीं किती होतात तें करारनाम्यांत कोणी लिहून देत नाहीं. तें आपलें आपणच मोजावयाचें.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं मास्तर जिंकले आणि सूनबाई हरल्या. तसें नाहीं. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर सूनबाई शांतपणें म्हणाल्या, "मामंजी, सासूबाईंचें म्हणणें मला पटतें. पण मला दार लावून बसतां येईल अशी एक खोली हवी आहे, आणि मुलांना अभ्यासाला जागा. बाहेर जेवढ्या पैशांत तीन खोल्या मिळतात तेवढ्यांत गांवांत दोनच मिळतील. मग मीं आणखी किती वर्षें थांबूं?" मला उत्तर सुचलें नाहीं. दोघींच्या मागण्या न्याय्य होत्या आणि पैसा एकच होता. जागेच्या खरेदींत खरी चढाओढ बाहेरच्या गिऱ्हाइकांशीं नसते. ती घरांतल्याच दोन गरजांची असते, आणि ती सोडवावयास दलालाचा उपयोग नाहीं.

तोड सौभाग्यवतींनींच काढली. "आपण लहान जागा घेऊं, पण बाजाराजवळ. दोन्ही निजायच्या खोल्या एक यांची, एक मुलांची. आपण दोघें बैठकीच्या खोलींत निजूं. मला खोली नको, मला रस्ता हवा." चिरंजीव नको नको म्हणाले, सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलें. पण त्यांचा शब्द ठरला.

पुढें पांच महिने आम्हीं जागा पाहिल्या. दोन हातच्या गेल्या. एक तर आम्ही विचार करीत असतां दुसऱ्या दिवशीं खरोखरीच विकली गेली, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. अखेर कोथरूडला वनाझपासून चालत जातां येईल अशा अंतरावर एका जुन्या इमारतींत दुसऱ्या मजल्यावरची जागा मिळाली. टेकडी दिसत नाहीं. भिंतींना रंग हवा आहे. माझीं दोन कपाटें भरून पुस्तकें शाळेच्या ग्रंथालयास द्यावीं लागलीं. तें दुःख मी अजून पुरतें विसरलों नाहीं. पण खालीं उतरलें कीं भाजी आहे, वाणी आहे, दवाखाना आहे. 29 सप्टेंबर 2024 पासून मेट्रोचें मंडई स्थानक सुरू झालें आहे. महिन्यांतून एकदोनदां सौभाग्यवती वनाझला बसतात, जिल्हा न्यायालयापाशीं गाडी बदलतात आणि आपल्या जुन्या मंडईंत जाऊन येतात. मला त्या बरोबर नेत नाहींत.

वाचकहो, जागा पाहावयास जाल तेव्हां गर्दीच्या वेळीं, आणि एकदां तरी मोटारीवांचून जा. पाण्याचें पहारेकऱ्याला विचारा. आणि विसाराचा चेक फाडण्यापूर्वीं, घरांत ज्याला वाहन चालवितां येत नाहीं त्याचें मत घ्या. म्हातारी माणसें आणि लहान मुलें विचारल्यावांचून बोलत नाहींत, आणि दिवसभर घरांत राहावयाचें असतें तें बहुधा त्यांनाच.

नव्या जागेंत गेल्यावर चौथ्या दिवशीं फोडणीच्या वेळीं मोहरी संपली. आठ वर्षांच्या नातवाला वीस रुपये देऊन खालीं पाठविलें. त्यानें जिरें आणलें. त्याला पुन्हां पाठविलें. दोन्ही खेपा मिळून बारा मिनिटें लागलीं. मीं घड्याळ लावून बसलों होतों.