शकुंतलेचे शोकगीत पुरे झाले

वरोरला घर आणि वाणगाव स्टेशनावरून रोजचे जाणे-येणे. त्यामुळे गाड्यांवरून वेळ ओळखण्याची सवय आमच्या पिढीला आहे. जुलै २०२३मध्ये ‘फ्लाइंग राणी’चे दुमजली डबे निवृत्त झाले, तेव्हा स्टाफरूममध्ये आठवडाभर हळहळ चालली. छायाचित्रे फिरली, एकाने ललित लेखही लिहिला. एखादा डबा जतन व्हावा म्हणून साधे पत्र मात्र कुणी धाडले नाही. मीही नाही.

ही आपली जुनी खोड आहे. विदर्भातल्या ‘शकुंतले’चेच पाहा. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारे हे अडीच फुटी रूळ कापसासाठी टाकले गेले. मँचेस्टरला १९२१ साली घडलेल्या इंजिनाने तिथे १९९४पर्यंत गाडी ओढली. पुढे गाडीच थांबली आणि मराठी गद्याला करुणरसाची खाण सापडली. नाव कालिदासाचे, म्हणजे विरह, शाप, अंगठी हे सारे आयतेच हाताशी! लेखांना तोटा नाही. रुळांतले गवत काढायला माणूस नाही.

तेवढ्याच रुंदीची वेल्शपूल–लॅनफेअर ही वेल्समधली गाडी १९५६ साली बंद पडली आणि १९६३ साली स्वयंसेवकांनी पुन्हा सुरू केली. त्याआधी, १९५१मध्ये, टॅलिलिन रेल्वे अशीच वाचली होती. तिचा पुढारी एल. टी. सी. रोल्ट हा लेखक. त्याने आधी ती रेल्वे चालवली आणि मग तिच्यावर पुस्तक लिहिले. आपण हा क्रम उलटा केला, आणि दुसरी पायरी गाळली. माथेरानचे ७४० क्रमांकाचे इंजिन तर इंग्लंडला गेले आणि लेटन बझर्डच्या स्वयंसेवी रेल्वेवर पुन्हा वाफेवर धावले. आपण मात्र माथेरानला जाऊन खिडकीतून फोटो काढतो.

‘ते सुखवस्तू समाजाचे चोचले, आपल्याकडे स्वयंसेवकाला रुळाजवळ उभे कोण करील?’ हा आक्षेप निम्मा खरा आहे. त्याहून वजनदार आक्षेप शकुंतलेच्या काठच्या माणसांचा आहे. त्यांना वारसा नको, ब्रॉडगेज हवी. बाजाराला, दवाखान्याला जायला गाडी हवी. या मागणीपुढे माझे इंजिनप्रेम मी मुकाट्याने मागे घेईन. पण मग आपण लेखकांनी त्या ब्रॉडगेजसाठी तरी लिहावे, किंवा एक इंजिन आणि मैलभर रूळ चालते ठेवण्यासाठी अर्ज, वर्गणी, सुटीतले श्रम यांची तयारी ठेवावी. यांपैकी काहीच न करता उसासे टाकण्याला आपण संवेदनशीलता म्हणतो आणि पाठ्यपुस्तकात ‘ललित गद्य’ म्हणून शिकवतो. यंदाही ते मलाच शिकवायचे आहे.