रात्रीच्या ड्रायव्हरची ‘वृत्ती’ कोण मोजतंय?

समाजशास्त्र आणि मानसशास्त्राच्या विभागांत एक प्रश्नावली वर्षानुवर्षं फिरते आहे. रात्री गाडी चालवणाऱ्याला विचारायचं: ‘वाहतुकीचे नियम मोडणं कधीकधी योग्य असतं.’ पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत. खुणा मोजायच्या, सरासरी काढायची आणि लिहून टाकायचं की रात्रीच्या चालकांमध्ये कायद्याविषयी आदर कमी आहे, सबब जनजागृती हवी. मी याच विषयात संशोधन करते, म्हणून सांगते, ही प्रश्नावली बेईमान आहे. रायपूरच्या टाटीबंध चौकात रात्री अकरानंतर तासभर उभं राहिलं तरी ते कळतं.

रात्र ड्रायव्हरने निवडलेली नाही. उरला, सिलतराच्या स्पंज आयर्न कारखान्यांतून, रोलिंग मिलमधून माल निघतो. शहरात दिवसा जड वाहनांना नो एंट्री, म्हणजे कायद्यानेच ट्रकला रात्रीकडे ढकललं. गाडी भरायला दिवस जातो, त्या थांबण्याचे पैसे कोणी देत नाही. पैसे फेरीचे. राष्ट्रीय महामार्ग 53 वरून राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत सकाळी नागपुरात माल टेकवायचा. अशा माणसाने वेग वाढवला की आपण त्याच्या ‘वृत्ती’चा अभ्यास करतो. माल अमुक वाजता पोचलाच पाहिजे म्हणणाऱ्या व्यापाऱ्याच्या वृत्तीसाठी पाच पर्यायांचा तक्ता अजून मला कुठल्या प्रबंधात सापडलेला नाही.

रस्ते अपघातांच्या सरकारी अहवालात मृताचं वय असतं, लिंग असतं, हेल्मेट होतं की नव्हतं ते असतं, चालकाचं लायसन्स कोणत्या प्रकारचं तेही असतं. जात नसते. स्टिअरिंगवर कोण आणि मालकीच्या कागदावर कोण, हे वस्तीत वाढलेल्या कोणालाही अहवालाशिवाय माहीत असतं. तुमच्यापैकी किती जणांची फी कोणाच्या तरी नाइट ड्युटीतून भरली गेली, ते आठवा.

बाबासाहेबांचा 1929 मधला चाळीसगावचा अपघात आपण सगळ्यांनी वाचलेला आहे. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला टांगेवाले तयार नव्हते. पाहुण्याने पायी चालणं वस्तीतल्या लोकांना बरं वाटेना. तोड निघाली ती अशी की टांगा भाड्याने मिळेल, टांगेवाला मिळणार नाही. मग टांगा कधी न हाकलेला आपलाच एक माणूस लगाम धरून बसला. मोरीवर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. आजच्या पोलीस पंचनाम्यात या अपघाताचं कारण काय लिहिलं जाईल? ‘चालकाचा निष्काळजीपणा.’ आणि ते अक्षरशः खोटंही नसेल! बाबासाहेबांनी मात्र ही हकीकत लिहिताना बोट ठेवलं ते लगाम त्या हातात का आला, यावर. रस्ते सुरक्षेचं आख्खं शास्त्र हा ‘का’ गाळून उभं आहे.

कायदा नाही असं नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 सालीच कायदा झाला होता. त्यात दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 होते. लांब पल्ल्याला सूट देऊन दिवसाचे 10. पण 2025 मध्ये रद्द होईपर्यंत तो लागू कोणाला होता, तर पाच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्यांना. एक-दोन गाड्यांचा मालक आणि त्याचा ड्रायव्हर त्यातून बाहेर होते. ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला तो 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या गाड्यांना. आधीच्या गाडीतला माणूस मे महिन्यात रायपूरच्या उन्हात दिवसा झोपणार आणि रात्री ताजातवाना चालवणार, अशी अपेक्षा आहे.

शिक्षा मात्र सरकारला चटकन सुचते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) मध्ये अपघात करून न कळवता पळणाऱ्याला 10 वर्षांपर्यंत कैद लिहिली. जानेवारी 2024 मध्ये देशभरचे ड्रायव्हर रस्त्यावर उतरले, तेव्हा ते कलम थांबवावं लागलं. गंमत अशी की मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 ला जमावाचा राग ठाऊक आहे, त्या कारणाने चालक थांबू शकला नाही तर ते कलम समजून घेतं. त्याच वर्षी 19 मे रोजी पुण्यात कल्याणीनगरला मध्यरात्रीनंतर पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांना मारलं. चालवणारा अल्पवयीन होता, हे खरं. पण काही तासांत जामीन आणि अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध! पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. त्या मुलाच्या घराची ‘कायद्याविषयीची वृत्ती’ कोणत्या मापाने मोजायची?

आणि पिकअप, माजदातून माणसं नेण्याबद्दलचा संताप. 11 मे 2025 च्या रात्री रायपूर-बलौदाबाजार रस्त्यावर सारागावजवळ छठीच्या कार्यक्रमाहून परतणाऱ्या गाडीची ट्रेलरशी टक्कर झाली, 13 जण गेले, बायका आणि लेकरं. त्याआधी 20 मे 2024 ला कवर्धा भागात तेंदूपत्ता तोडून परतणारे 19 बैगा आदिवासी पिकअप दरीत कोसळून मेले, तेही दिवसाउजेडी. दर वेळी तोच सूर: मालवाहू गाडीत बसतातच कशाला? महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला हवं, छत्तीसगडला तुमच्यासारखं एसटी महामंडळ नाही. खाजगी मालकाला परवडेल तिथे आणि तेव्हा बस. नातवाच्या छठीहून आजीने मध्यरात्री घरी जायचं कशाने?

आता कोणी म्हणेल, दारू पिऊन चालवणाऱ्याची ही वकिली आहे. नाही. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यात 32,825 पायी चालणारी होती. कारखान्याची दुसरी पाळी संपवून सायकलवर घरी निघालेला आपलाच माणूस ट्रकखाली येतो. पिऊन चालवणाऱ्याचं लायसन्स जावं, यात मला शंका नाही. माझा वाद इतकाच आहे की चलान स्टिअरिंगपाशी येऊन थांबू नये. ओव्हरलोडचा दंड 20,000 आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. कलम 194 मध्ये ‘चालवणारा’ याच्यासोबत ‘चालवू देणारा’ही आहे. त्या दुसऱ्यावर किती खटले झाले, हा माहिती अधिकारातला एक अर्ज आहे, आणि तो आपल्यापैकी कोणीही रायपूर, नागपूर, भंडाऱ्याच्या आरटीओत टाकू शकतो.

आपण पहिल्या पिढीतले पदवीधर आहोत. उद्या अशाच सर्वेक्षणात रोजंदारीवर फॉर्म भरून घ्यायला आपल्यालाच पाठवतील, कारण ड्रायव्हर आपल्याशी बोलतो. तेव्हा छापील प्रश्नांखाली कोऱ्या जागेत हेही विचारून लिहा: मागच्या चोवीस तासांत किती झोपलात? चलान झालं तर ते तुमच्या पैशातून कापतात का? क्लीनर सोबत आहे की काढून टाकला? गाडी कोणाच्या नावावर आहे? मार्गदर्शक म्हणतील की ही माहिती तक्त्यात बसत नाही. तक्ता बदलायला सांगा.