जुना ट्रॅक्टर चालू होत नाही? इंजिन खोलण्याआधी एवढे पाहा



मृगाचा पाऊस पडून वापसा आला की पेरणीला हाती दिवस मोजके असतात. नेमक्या त्याच सकाळी उन्हाळाभर उभा असलेला जुना ट्रॅक्टर हटून बसतो. सेल्फ मारला की नुसती घरघर होते, थोडा धूर निघतो आणि पुन्हा शांत. कोणी म्हणते पंप गेला, कोणी म्हणते रिंगा गेल्या. दुपारपर्यंत हेड उतरवलेले असते आणि लायनर-पिस्टनची यादी शहराला रवाना होते. आठ दिवस जातात, वापसा जातो, उसनवारी होते ती वेगळीच. पुष्कळदा दोष असतो एखाद्या सैल नटात किंवा गंजलेल्या बॅटरीच्या तारेत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली ही गत. म्हणून आज आपण इंजिन पेट कसे घेते ते समजून घेऊ आणि स्वस्तातली तपासणी आधी, महागातली शेवटी, या क्रमाने जाऊ.

आपल्याकडे आजही जुने ट्रॅक्टर बरेच राबताना दिसतात. आयशरचा ट्रॅक्टर फरिदाबादहून १९५९ साली बाहेर पडला. १९६३ साली महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली, तिच्यातून बी-२७५ आला. पुढे एचएमटीने झेटरच्या सहकार्याने पिंजोरला ट्रॅक्टर बनवले. तो विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. अशा यंत्राचा चांगला मूळ भाग हाती असेल, तर तो उगाच खोलून बिघडवणे परवडणारे नाही.

डिझेल पेटते कसे?

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. पिस्टन वर येताना हवा सुमारे १६ ते २० पट दाबली जाते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे बूड गरम होते ना, तसेच इथे होते, पण कितीतरी जास्त. ही हवा ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते. त्याच क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आत पडतो आणि पेट घेतो. म्हणजे तीनच गोष्टी हव्यात: पुरेशी दाबलेली हवा, बारीक फवारा आणि योग्य वेळ. तिन्ही असतील तर इंजिनाला पेटावेच लागते. चालू होत नाही त्या दिवशी या तिघींपैकी कोण गैरहजर आहे, एवढेच शोधायचे.

पहिली तपासणी: सेल्फचा वेग

सेल्फ हळू फिरला तर दाबलेली हवा रिंगांतून निसटते आणि तिची उष्णता थंड लायनर पिऊन टाकतो. इंजिन धडधाकट असूनही पेटत नाही. म्हणून आधी बॅटरी पाहा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. टर्मिनल घासून घट्ट बसवावेत आणि वर थोडे ग्रीस लावावे. बॅटरीतून चासीला जाणारी अर्थिंगची तार बहुतेक जण विसरतात. तिच्या बोल्टखालचा रंग व गंज खरवडून काढावा. पूर्ण चार्ज बॅटरीतल्या ॲसिडची घनता हायड्रोमीटरवर १.२५० ते १.२८० च्या दरम्यान यावी. एखादेच घर फार कमी दाखवत असेल तर बॅटरी संपत आली असे समजावे.

दुसरी तपासणी: डिझेल पोचते का?

आधी स्टॉपची दांडी ओढलेली तर राहिली नाही ना, ते पाहा. हसू नका, यासाठीही मिस्त्री बोलावले जातात. मग टाकीचा कॉक. मग टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक. ते मातीने बुजले तर ट्रॅक्टर अर्धा तास चालतो आणि बंद पडतो, झाकण उघडले की पुन्हा चालतो. असे झाले तर दोष झाकणात आहे, पंपात नाही.

त्यानंतर येते लाइनमधली हवा. टाकी कोरडी पडली, फिल्टर बदलला किंवा रबरी नळीला चीर पडली की डिझेलमध्ये हवा शिरते. चीर बारीक असली तर बाहेर डिझेल गळताना दिसतही नाही, पण आत हवा ओढली जाते. हवेचा बुडबुडा दाबला जातो आणि नोझल उघडतच नाही. एअर काढण्याचा क्रम असा. फीड पंपाची हातदांडी मारत पहिल्यांदा फिल्टरवरचा स्क्रू सैल करा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की आवळा. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, तसाच. शेवटी नोझलकडच्या नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून, थ्रॉटल पूर्ण देऊन सेल्फ मारा. डिझेल उसळू लागले की नट आवळा. मात्र नोझलच्या फवाऱ्यासमोर हात किंवा डोळा कधीही आणू नका. त्याचा दाब चौरस सेंटीमीटरला दीडशे किलोच्या पुढे असू शकतो. फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बँजो बोल्टखालचा तांब्याचा वॉशर चपटा व कडक झाला की हवा तिथूनही शिरते. नवा मिळेपर्यंत जुना लालबुंद तापवून पाण्यात टाकावा. तांबे मऊ होते आणि पुन्हा नीट बसते.

तिसरी तपासणी: धूर काय सांगतो?

सेल्फ मारताना मुळीच धूर नसेल तर डिझेल आत पडत नाही. पुन्हा दुसऱ्या तपासणीकडे जा.

पांढरा धूर म्हणजे डिझेल पडते, पण पेटत नाही. इंजिन थंड आहे, दाब कमी आहे किंवा पंपाचे टायमिंग मागे गेले आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर, रेडिएटरचे पाणी कमी होणे आणि पाण्यात बुडबुडे, हे तिन्ही एकत्र दिसले तर हेड गॅसकेटवर संशय घ्या.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर आधी पाहा, नोझल नंतर.

निळा धूर म्हणजे इंजिनऑइल जळते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले आहेत.

चौथी तपासणी: कोणता सिलिंडर आळशी?

इंजिन चालू होते पण अडखळते, अशा वेळी मंद वेगावर एकेका नोझलच्या नळीचा नट पान्याने किंचित सैल करा. फडके धरा, तोंड लांब ठेवा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच आळशी. आता त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल टेस्टरवर तपासून घ्यायचे, इंजिनाला हात लावायचा नाही. दोष जागेवरच राहिला तर टॅपेट पाहा. टॅपेटचे अंतर फारच कमी असले तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. फिलर गेजने पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे अंतर ठेवावे. थंड इंजिनचा आकडा की गरम इंजिनचा, हेही वाचून घ्यावे.

यानंतर ऑइल भरायचे बूच उघडून ब्रीदर पाहा. तिथून धूर भकभका बाहेर येत असेल, ऑइल रोज घालावे लागत असेल आणि धूर निळा असेल, तर मात्र रिंगा व लायनर खरोखरच गेले आहेत. ऑइल दुधासारखे झाले असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. ट्रॅक्टर त्याच क्षणी बंद करावा. अशा वेळी इंजिन खोलणे हाच शहाणपणा.

पंपाचे सील

इंजेक्शन पंपावर तार आणि शिसे लावून बंद केलेला स्क्रू असतो. "पंप थोडा वाढवून देतो, ताकद वाढेल," असे कोणी म्हणाले तर हात जोडून नाही म्हणा. जास्त डिझेल पूर्ण जळत नाही. काळा धूर होतो, पिस्टन तापतो आणि न जळलेले डिझेल ऑइल पातळ करते. पंप उतरवावाच लागला तर उतरवण्यापूर्वी त्याच्या फ्लँजवर व इंजिनवर छिन्नीने समोरासमोर खूण करून घ्यावी, म्हणजे टायमिंग हरवत नाही.

हीटर प्लग आणि पेटता बोळा

काही जुन्या इंजिनांत थंडीसाठी हीटर प्लग असतात. ते एकापाठोपाठ एक असे सिरीजमध्ये जोडलेले असतील तर एक तुटला की सगळे थंड पडतात. बॅटरीच्या दिव्याने एकेक तपासून तुटलेला शोधावा. प्लग गरम असताना ईथरचा फवारा मारू नये. स्फोट होऊन पिस्टन फुटतो. हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरण्याची खोड अनेक गावांत आहे. राख आत जाते आणि फिल्टरमधले तेल पेटण्याची भीती असते. ती खोड सोडावी.

ठिणगीची इंजिने

इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात झालेल्या फर्ग्युसन टीई-२० सारख्या ट्रॅक्टरांत पेट्रोलची व रॉकेलसारख्या इंधनाची इंजिनेही होती. त्यांना कॉइल, डिस्ट्रिब्यूटर व प्लग लागतात. तिथे आधी पॉइंट पाहावेत. जळके असतील तर बारीक कानसेने साफ करावेत. उघडलेल्या पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहून कमीच असते. प्लग काळा व ओला असेल तर साफ करून त्याची फट गेजने बसवावी. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण कोरडे ठेवावे, कारण त्यावरच्या बारीक चिरेतून व ओलीतून ठिणगी पळून जाते. घरातल्या पेट्रोलच्या फवारणी पंपाला आणि कोळपणी यंत्रालाही प्लगची हीच काळजी लागू आहे.

मूळ शत्रू धूळ

रिंगा खातो तो डिझेलचा भाव नव्हे, धूळ. उन्हाळी नांगरटीत ऑइल बाथ फिल्टरची वाटी रोज उघडून पाहावी. तळाशी गाळ साचला असेल तर डिझेलने धुऊन खुणेपर्यंत नवे ऑइल भरावे. खुणेच्या वर नको. जादा तेल इंजिन ओढून घेते. फिल्टर ते इंजिन या रबरी नळीचे क्लिप घट्ट हवेत. तिथली एक चीर म्हणजे गाळणीला पडलेले भोकच.

डिझेलचे पिंप एक दिवस न हलवता ठेवून वरचे डिझेल गाळून घ्यावे. जस्ताचा पत्रा असलेले भांडे वापरू नये. टाकी सकाळी नव्हे, संध्याकाळी भरावी. रिकाम्या टाकीत रात्री दव धरते आणि ते पाणी नोझलला गंज लावते.

जिवाची काळजी

सेल्फचे टर्मिनल स्क्रूड्रायव्हरने जोडून, जमिनीवर उभे राहून ट्रॅक्टर चालू करणे हे जीव देण्यासारखे आहे. गिअर पडलेला असला तर मागचे चाक अंगावरून जाते. ट्रॅक्टर सीटवर बसून, न्यूट्रल पाहूनच चालू करावा. बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये इंजिन चालवत ठेवू नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. मुलांना जवळ फिरकू देऊ नये.

शेवटचे एक काम घरातल्या शिकत्या मुलामुलींवर सोपवा. एक वही घाला. ऑइल कोणत्या तासाला बदलले, फिल्टर कधी, नोझल कधी तपासले, टॅपेट कधी बांधले, हे तारखेसह लिहून ठेवा. मिस्त्री आला की आधी वही त्याच्या हाती द्या आणि वरच्या चार तपासण्या झाल्या का, ते विचारा. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, कामाची घाई नसताना, एकदा ट्रॅक्टर चालू करून पाहा. जो दोष तेव्हा सापडेल तो दुरुस्त करायला महिना हाताशी असतो. पेरणीच्या सकाळी सापडला तर एक दिवसही नसतो.