चोवीस तासांचा गोठा कुठे आहे?

मी मटण खातो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'हा कुठल्या बाजूचा?' हे हुडकण्याचा वाचकांचा त्रास वाचेल.

आमच्या सीमाभागात पाटी मराठीत की कानडीत यावर मोर्चे निघतात, निघावेतही. गाई-बैल कापावेत की नाहीत यावर तर दोन्ही भाषांत घसा कोरडा होईस्तोवर भांडण चालतं. २०१५ साली महाराष्ट्रात आणि २०२१ साली कर्नाटकात कडक कायदे लागू झाले. पण ज्यांच्या कापण्याला कुणाचीच हरकत नाही, त्या शेळ्यामेंढ्यांनी आदली रात्र कुठे काढली, हे कुणी विचारतं?

कायदा विचारतो. २००१ साली केंद्र सरकारने कत्तलखान्यांसाठी नियम केले. डॉक्टरने तपासलेलं प्रत्येक जनावर कापण्यापूर्वी चोवीस तास विसाव्याच्या गोठ्यात राहिलं पाहिजे. लहान जनावराला १.६ चौरस मीटर जागा, मोठ्याला २.८. वर ऊन-पावसापासून आडोसा, प्यायला पाणी. एका डॉक्टरने तासाला बारापेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. एकासमोर दुसरं कापायचं नाही. शंभर बकऱ्यांचा हिशेब केला तर १६० चौरस मीटर, म्हणजे दीड गुंठ्याच्या थोडं वर. एवढी जागा नगरपालिकांना सापडत नाही? मंगल कार्यालयांना सापडते.

"शेवटी कापायचंच, मग विसावा कशाला?" असं एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी मला ऐकवलं. दयेचं सोडा, ताटाचं बघा. जनावराच्या स्नायूंत साखरेचा साठा असतो. कापल्यावर त्याचं आम्ल बनतं आणि त्यानेच मांस टिकतं. रात्रभर ट्रकमध्ये उभं राहून, उपाशी, भेदरून आलेल्या जनावराचा हा साठा वाटेतच संपलेला असतो. मग मांस काळपट, चिकट होतं आणि लवकर नासतं. चांगले पैसे मोजून आपण तेच घरी आणतो आणि कुकरला दोष देतो!

मी खाटकाला बोल लावत नाही. दुकानासमोर खांबाला बांधण्यापलीकडे त्याला जागा कुणी दिली? शिवाय एक दिवस जनावर ठेवायचं म्हणजे वैरणीचा खर्च आणि वजनातली घट, दोन्ही त्याच्याच अंगावर. फी मात्र पालिका घेते. १८७१चा गुरांच्या कोंडवाड्यांचा कायदा काढून बघा. दुसऱ्याच्या शेतात शिरलेल्या गुरालाही कोंडवाड्यात चारा-पाणी देणं इंग्रजाने बंधनकारक केलं होतं. तो काही दयेचा पुतळा नव्हता.

आपण दुकानात "कोवळं आहे ना?" एवढंच विचारतो. येत्या निवडणुकीत मत मागायला जो कोणी दारात येईल, मराठी असो वा कानडी, त्याला मी तीन गोष्टी विचारणार आहे: गावच्या कत्तलखान्यात विसाव्याचा गोठा आहे का, त्यात पाण्याचा हौद आहे का, आणि जनावर आलं कधी नि कापलं कधी याची वही कोण लिहितं. तुम्हीही विचारा.