पैसे शिलेदाराचे, हक्क बारगिराचा : आयफोनच्या कुलुपाचा इतिहास

१/
ऑगस्ट २००७. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील जॉर्ज हॉट्झ हा १७ वर्षांचा मुलगा नवाकोरा आयफोन उघडतो. ज्या फोनात केवळ एटी अँड टी कंपनीचे सिमकार्ड चालावे अशी व्यवस्था होती, त्यात तो टी-मोबाइलचे सिमकार्ड चालवून दाखवतो. ही कथा आजवर असंख्य वेळा सांगितली गेली आहे आणि दर वेळी ती एकाच वाक्यावर संपते : एका पोराने बलाढ्य कंपनीला हरवले.

२/
तिच्या उत्तरादाखल दुसरी कथा सांगितली जाते. कंपनी फोन स्वस्तात देते, तो तोटा भरून निघावा म्हणून कुलूप घालते. सबब कुलूप तोडणारा हा एक प्रकारचा चोरच होय. पहिली कथा अपुरी आहे. दुसरी चुकीची आहे. दोहोंतही खरा प्रश्न हरवतो : पूर्ण दाम मोजून घेतलेल्या वस्तूवर हुकूम कोणाचा?

३/
आरंभ सिमकार्डापासून करावा लागतो. फिनलंडमध्ये १९९१ साली जीएसएम पद्धतीचे पहिले व्यावसायिक नेटवर्क सुरू झाले. या पद्धतीचा गाभा असा की ग्राहकाची ओळख फोनमध्ये नसते, कार्डात असते. कार्ड काढावे, दुसऱ्या फोनात घालावे, क्रमांक आपल्यासोबत येतो. देश बदलला तर तिथले कार्ड घ्यावे, फोन तोच राहतो. यंत्र आणि कंपनी यांची फारकत हाच या रचनेचा हेतू होता.

४/
कुलूप या हेतूच्या नेमके विरुद्ध उभे असते. प्रत्येक सिमकार्डात जास्तीत जास्त १५ अंकांचा एक ओळखक्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात (भारतासाठी ४०४ व ४०५, अमेरिकेसाठी ३१० इत्यादी), पुढचे दोन किंवा तीन अंक कंपनी सांगतात. कुलूपबंद फोन हे अंक वाचतो आणि ते ठरलेल्या कंपनीचे नसतील तर कार्ड नाकारतो. कुलूप म्हणजे एवढेच.

५/
याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. टी-मोबाइलचे नेटवर्कही जीएसएमच होते. आयफोनचा रेडिओ त्या नेटवर्कशी बोलण्यास समर्थ होता. त्याला बोलू दिले जात नव्हते. ‘तांत्रिक अडचण’ हे कारण इथेच निकालात निघते. फोनमध्ये काही कमी नव्हते. त्यात मनाई तेवढी मुद्दाम भरलेली होती.

६/
आता ‘स्वस्तात दिला म्हणून कुलूप’ या युक्तिवादाकडे वळू. पहिला आयफोन अमेरिकेत २९ जून २००७ रोजी विक्रीस आला. ४ जीबीच्या फोनची किंमत ४९९ डॉलर, ८ जीबीच्या फोनची ५९९ डॉलर. सोबत एटी अँड टीचा दोन वर्षांचा करार. या किमतीत कंपनीने सूट दिलेली नव्हती. उलट, ग्राहकाच्या मासिक बिलातला वाटा एटी अँड टी ॲपलला देत होती.

७/
सूट देऊन १९९ डॉलरला विकलेला आयफोन आला तो जुलै २००८ मध्ये. म्हणजे २००८ ची व्यवस्था २००७ वर लादून कुलुपाचे समर्थन केले जाते. इतिहासाच्या अभ्यासात याला कालविपर्यास म्हणतात. कुलूप आधी आले, सवलत नंतर आली. कार्य आधी आणि कारण मागून, असा क्रम जगात कुठेही लागत नाही.

८/
शिवाय करार होताच. तो मध्येच मोडणाऱ्या ग्राहकाला १७५ डॉलरपर्यंत दंड भरावा लागे. कंपनीचे आर्थिक हित दंडाच्या कलमाने सुरक्षित होते. तरीही कुलूप हवे होते, कारण ते पैसे वसूल करण्यासाठी नव्हतेच. करार संपला, दंड भरला, तरी ग्राहकाने दुसऱ्या कंपनीकडे हा फोन घेऊन जाऊ नये, यासाठी ते होते.

९/
मराठ्यांच्या लष्करी इतिहासात शिलेदार आणि बारगीर हा भेद सर्वपरिचित आहे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, म्हणून त्या घोड्यावर हुकूम सरकारचा. दोन्ही रीती न्याय्य होत्या, कारण दोन्हींत खर्च करणारा आणि मालक एकच होता. २००७ च्या आयफोनने तिसरी रीत काढली : पैसे शिलेदाराचे, हक्क बारगिराचा.

१०/
आता हॉट्झ. त्याने फोन उघडला, नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाच्या सर्किटमध्ये हस्तक्षेप करून सुरक्षेची तपासणी चुकवली आणि कुलुपाची आज्ञावली बदलून टाकली. काम नाजूक होते. हात चुकला तर फोन कायमचा निकामी. अशा रीतीने मोकळा केलेला एक फोन देऊन त्याने बदल्यात एक निसान ३५०झेड गाडी आणि तीन आयफोन मिळवले. वृत्तपत्रांना याहून चांगली बातमी कुठली?

११/
पण त्याच सुमारास इतरही लोक याच कामात गुंतले होते. सप्टेंबरपर्यंत फोन न उघडता केवळ सॉफ्टवेअरने कुलूप काढणारी मोफत साधने आली. सिमकार्डाला चिकटून बसणारी आणि ‘हे एटी अँड टीचेच कार्ड आहे’ असे फोनला भासवणारी पातळ पट्टीही विकली जाऊ लागली. एका मुलाच्या पराक्रमापेक्षा ही गर्दी इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे.

१२/
गर्दी किती होती? ऑक्टोबर २००७ मध्ये ॲपलच्या टिम कुक यांनी अंदाज दिला की तोवर विकलेल्या सुमारे १४ लाख आयफोनपैकी अडीच लाख फोन कुलूप काढण्याच्या हेतूनेच घेतले गेले असावेत. म्हणजे दर सहा फोनांमागे जवळपास एक. जिथे आयफोन अधिकृतपणे मिळतच नव्हता, अशा देशांत हे फोन सामानातून पोचत होते. भारत त्यांपैकीच एक.

१३/
कंपनीने काय केले? सप्टेंबर २००७ मध्ये तिने इशारा दिला की कुलूप काढलेला फोन पुढच्या अपडेटनंतर कायमचा बंद पडू शकतो. २७ सप्टेंबरला १.१.१ ही आवृत्ती आली आणि असे अनेक फोन खरोखरच विटेसारखे निर्जीव झाले. स्टीव्ह जॉब्स यांनी या प्रकाराला मांजर-उंदराच्या खेळाची उपमा दिली होती. त्या खेळात उंदराला प्रत्येक डाव जिंकावा लागतो. मांजराला एक पुरतो.

१४/
वीरकथेचा अपुरेपणा इथे उघड होतो. हॉट्झची युक्ती कितीही अचाट असली तरी तिचे आयुष्य पुढच्या अपडेटपर्यंतच. जे कंपनीच्या एका अपडेटने हिरावले जाते, त्याला युक्ती म्हणावे, हक्क म्हणू नये. मग टिकाऊ बदल कशाने झाला? त्यासाठी त्याच वर्षीच्या युरोपाकडे पाहावे लागते.

१५/
फ्रान्समध्ये एका वस्तूच्या विक्रीला दुसऱ्या सेवेची सक्ती जोडण्यावर कायद्याने बंधन होते. त्यामुळे नोव्हेंबर २००७ मध्ये ऑरेंज कंपनीला कुलूपमुक्त आयफोनही विकावा लागला : करारासह ३९९ युरो, कुलूपमुक्त ७४९ युरो. फोन तोच, महिने तेच, कंपनीही तीच. फरक होता कायद्याचा. तिथे कोणालाही सर्किटला हात लावावा लागला नाही.

१६/
जर्मनीत व्होडाफोनने न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला आणि टी-मोबाइलला काही दिवस कुलूपमुक्त आयफोन ९९९ युरोंना विकावा लागला. डिसेंबर २००७ मध्ये हाम्बुर्गच्या न्यायालयाने तो मनाईहुकूम उठवला आणि कुलूप परत आले. अपडेट न येता, केवळ एका निकालाने. हा प्रश्न यंत्राचा नसून हक्काचा होता, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे अवघड.

१७/
भारताचा अनुभव तर अधिक बोलका. २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोन यांनी आयफोन ३जी येथे आणला. ८ जीबीच्या फोनची किंमत ३१,००० रुपये, १६ जीबीची ३६,१००. अमेरिकेतल्या १९९ डॉलरची सवलत इथे नव्हती. तरीही फोन त्या त्या कंपनीच्या कुलपात बंद. ‘कुलूप ही सवलतीची किंमत’ म्हणणाऱ्यांनी सांगावे, मुंबई-पुण्याच्या ग्राहकाने नेमकी कोणत्या सवलतीची किंमत मोजली?

१८/
अमेरिकेत मात्र या कुलपाला कायद्याचा पहारा होता. १९९८ चा डीएमसीए हा कायदा चित्रपट, संगीत व सॉफ्टवेअर यांच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी झाला. कोणतेही ‘डिजिटल कुलूप’ तोडणे त्याने बेकायदा ठरवले. फोनचे कुलूपही सॉफ्टवेअरचेच, म्हणून स्वतःचा फोन दुसऱ्या कंपनीकडे नेणे हा कॉपीराइटचा प्रश्न बनला! नफ्यासाठी असे केल्यास पहिल्या गुन्ह्याला पाच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद.

१९/
या कायद्यातून दर तीन वर्षांनी सवलती देण्याचा अधिकार लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रमुखाकडे आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये, आयफोन येण्याच्याही आधी, फोनचे कुलूप काढण्यास अशी सवलत मिळाली. मागणी करणाऱ्यांत जुने फोन पुन्हा वापरात आणणारी एक कंपनी होती आणि परदेशी वारंवार जाणारा एक प्रवासी होता. हॉट्झच्या कथेत या दोघांचे नावही येत नाही.

२०/
ऑक्टोबर २०१२ मध्ये ही सवलत काढून घेतली गेली. २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या फोनचे कुलूप कंपनीच्या परवानगीविना काढणे पुन्हा बेकायदा झाले. मग व्हाइट हाउसकडे सार्वजनिक अर्ज गेला, १,१४,००० हून अधिक सह्या झाल्या आणि मार्च २०१३ मध्ये सरकारने अर्जदारांच्या बाजूने मत दिले. १ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या सहीने सवलत परत देणारा कायदा झाला.

२१/
या लढ्याला जुनी परंपरा आहे. टेलिफोनच्या बोलण्याच्या तोंडावर बसवायचा ‘हश-ए-फोन’ नावाचा साधा पेला वापरण्यासही एटी अँड टीने हरकत घेतली होती. १९५६ मध्ये अपील न्यायालयाने ती फेटाळली. १९६८ मध्ये टेक्सासच्या थॉमस कार्टर यांच्या ‘कार्टरफोन’ यंत्राच्या बाजूने निर्णय झाला आणि नेटवर्कला अपाय न करणारे परके यंत्र जोडण्याचा मार्ग मोकळा झाला. ‘आमच्या तारेवर आमचेच यंत्र’ हा दावा तेव्हाही सुरक्षेच्या नावाने केला गेला होता.

२२/
कंपन्यांची एक तक्रार खरी आहे, हे मान्य करायला हवे. प्रीपेड फोन तोट्यात विकले जात. काही टोळ्या ते घाऊक भावाने उचलून, कुलूप काढून परदेशी विकत. त्यावर कंपन्यांनी खटलेही भरले. पण यावर उपाय म्हणजे कराराचे कलम, दंड, फार तर ठरावीक मुदतीचे कुलूप. घाऊक लबाडीसाठी प्रत्येक प्रामाणिक ग्राहकाला गुन्हेगारांच्या रांगेत उभे करणे हा न्याय नव्हे.

२३/
आणि कुलपावाचून धंदा बुडतो, हेही खोटे ठरले आहे. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून सर्व नवे फोन कुलूपमुक्त विकण्याची सक्ती केली. ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोनच्या विक्रीवर बंदी घातली. दोन्ही देशांत फोनही विकले जातात आणि कंपन्याही चालू आहेत.

२४/
अमेरिकेच्या २०१४ च्या कायद्याने मात्र कुलूप घालण्यास मनाई केलेली नाही. ते काढणाऱ्याला संरक्षण दिले, तेही दर तीन वर्षांच्या फेरविचाराच्या अधीन. म्हणून हॉट्झची कथा जरूर सांगावी, पण तिथे थांबू नये. त्याने कुलूप उघडता येते हे दाखवले. ते उघडणे हा गुन्हा नाही, हे ठरवून घेतले ते अर्ज लिहिणाऱ्यांनी, सह्या करणाऱ्यांनी आणि न्यायालयाची पायरी चढणाऱ्यांनी. इतिहासात नोंद त्यांचीही व्हावी.