नाटक शिकायचं असतं का?

परवा नातीने जेवताना जाहीर केलं, "आजोबा, मी पुण्याला ललित कला केंद्रात नाटक शिकणार." मुलगा लगेच म्हणाला, "नाटक काय शिकायचं असतं? ते अंगात असावं लागतं."

माझा घास हातातच राहिला. हेच वाक्य मी पस्तीसेक वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या वडिलांना ऐकवलं होतं. स्नेहसंमेलनात तो मुलगा तेलाच्या रिकाम्या डब्यात बल्ब बसवून, पुढे रंगीत कागद लावून प्रकाशयोजना करायचा. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ साली निघालं होतं, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय तर १९५९ पासूनचं. मला दोन्ही ठाऊक होती. तरी मी त्यांना म्हणालो, "पोट भरेल असं काही शिकवा."

अभिनय अंगात असेलही एखाद्याच्या. पण दिवा कुठे टांगला की चेहरा दिसतो आणि सावली मागच्या पडद्यावर पडत नाही, दोन मिनिटांच्या अंधारात नेपथ्य कसं बदलायचं, हे कुणाच्या अंगात असतं? ते शिकावंच लागतं. आपल्या राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्याला, प्रकाशयोजनेला वेगळी बक्षिसं देतात. मग त्यांच्या शिक्षणालाच नाक का मुरडायचं?

पोटाचा प्रश्न खरा आहे, नाकारत नाही. पण तो साध्या बी.ए.वाल्यांनाही कधी चुकला?

असो. नातीच्या फॉर्मचे पैसे मी भरले. त्या मुलाचं देणं मात्र तसंच राहिलं.