निजामाबादची सौम्या झाग्रेबला गेली. तामसीच्या पोरींनी कुठून निघायचं?

तामसी (जि. आदिलाबाद) : सौम्या गुगुलोथ. निजामाबाद जिल्ह्यातल्या किसाननगर तांड्यावरची पोर, भारतीय महिला फुटबॉल संघाची आघाडीची खेळाडू. मे 2025 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तिला वर्षातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरवलं. आपल्याकडे मात्र तिचं नाव किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्नच आहे.

तिची वाटचाल बघा. 2021-22 च्या हंगामात ती केरळच्या गोकुलम संघात होती, तो संघ इंडियन वुमेन्स लीगचा विजेता. 2022 मध्ये ज्योती चौहानसोबत ती क्रोएशियाच्या दिनामो झाग्रेबकडून करारबद्ध झाली. परतल्यावर पुन्हा गोकुलम, मग कोलकात्याचा ईस्ट बंगाल. 2024-25 ची लीग ईस्ट बंगालने जिंकली. केरळ, झाग्रेब, कोलकाता. या यादीत तेलंगणा कुठंच नाही.

असणार तरी कसं? त्या हंगामात लीगमध्ये आठ संघ होते, तेलंगणाचा एकही नव्हता. पुरुषांचंही फार वेगळं नाही. हैदराबाद एफसीने मार्च 2022 मध्ये आयएसएलचा चषक जिंकला, आणि 2025 मध्ये तो क्लब दिल्लीला गेला. चषक आणणारा संघ साडेतीन वर्षांत राज्याबाहेर! म्हणजे गुण इथले, घर दुसरीकडे.

मोरोक्कोचं उदाहरण इथं कामाचं आहे. तिथली आघाडीची खेळाडू इब्तिसाम जरैदी राबातमध्ये लष्कराच्या क्लबकडून खेळत मोठी झाली. 2020 पासून त्या देशाने महिलांची लीग व्यावसायिक केली, म्हणजे पोरींना पगार सुरू झाला. 2022 मध्ये तोच क्लब आफ्रिकेचा विजेता झाला. 30 जुलै 2023 ला विश्वचषकात दक्षिण कोरियाविरुद्ध जरैदीने गोल केला. मोरोक्कोचा विश्वचषकातला तो पहिला गोल आणि पहिला विजय. ती परदेशी गेली, पण आधी देशात पाय रोवून. सौम्याला पहिल्यापासूनच घर सोडावं लागलं.

आता तामसीकडे वळू. कापसाचा भाग, घरात मराठी, शाळेच्या कागदावर तेलंगणा. महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर, पण तिथली क्रीडा प्रबोधिनी त्या राज्याच्या रहिवाशांसाठी. हैदराबाद तीनेकशे किलोमीटर लांब. दहावीनंतर पोरीला एवढ्या लांब पाठवायचं तर बापाला आधी वसतिगृह आणि खर्च विचारावा लागतो, गोल नंतर. तांड्यावरच्या बापाला तर जास्तच.

जुलै 2025 मध्ये भारतीय महिलांनी थायलंडला 2-1 ने हरवून 2026 च्या आशिया चषकाची पात्रता मिळवली. त्या पात्रता फेरीच्या संघात सौम्या होती. या गोष्टीचा आनंद आहेच. पण राज्याने तिच्या नावाने निदान जिल्हा पातळीवर मुलींची एखादी लीग सुरू करायला काय हरकत आहे? पंचवीस-तीस पोरी, दोन गोलपोस्ट आणि पगारी प्रशिक्षक, एवढंच लागतं. आदिलाबादला मैदान तर आहे.